मुरलीकांत पेटकर

मुरलीकांत राजाराम पेटकर (जन्म: १ नोव्हेंबर, १९४४; पेठ इस्लामपूर, सांगली जिल्हा, महाराष्ट्र) हे भारतीय सेनेतील माजी मुष्टियोद्धे, दिव्यांग जलतरणपटू आणि पॅरालिम्पिक स्पर्धांमध्ये सुवर्णपदक मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू आहेत. १९७२ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या स्पर्धेत पुरुषांच्या ५० मीटर मुक्तशैली जलतरणात (प्रकार ३) त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक पटकावले. ही वेळ त्या प्रकारातील तत्कालीन विश्वविक्रम ठरली.

पेटकर यांची ओळख आज प्रामुख्याने जलतरणपटू म्हणून असली, तरी त्यांच्या क्रीडाजीवनाचा पाया मुष्टियुद्धाचा होता. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात झालेल्या गोळीबारात कमरेखालील शरीर लुळे पडल्याने ऐन विशीत त्यांची मुष्टियुद्धातील कारकीर्द संपली. मुष्टियुद्धाच्या रिंगणातून कायमचे बाहेर पडावे लागल्यानंतर अवघ्या सात वर्षांत त्यांनी दुसऱ्या खेळात जागतिक अग्रस्थान मिळवले. भारत सरकारने त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री, तर २०२४ या वर्षासाठीचा अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) देऊन सन्मानित केले.

प्रारंभिक जीवन

पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील हा परिसर कुस्तीच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. गावोगावच्या तालमी, यात्रेतील कुस्त्यांचे फड आणि जिंकणाऱ्या मल्लाला मिळणारा मान या वातावरणात येथील मुले वाढत. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर (तालुका कराड) येथील मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. पेटकर तेव्हा सात वर्षांचे होते.

पेटकर यांना बालपणापासून कुस्तीची आवड होती. किशोरवयात गावातील एका वजनदार घरातील मुलाला त्यांनी कुस्तीत चीतपट केले. त्यातून वैर उद्भवले आणि गाव सोडावे लागले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. पुढे ते सेनेत दाखल झाले.

सैन्यप्रवेश आणि मुष्टियुद्ध

किशोरवयीन मुलांसाठी असलेल्या सैन्यदलाच्या तुकडीतून पेटकर सेनेत आले. विद्युत व यांत्रिकी अभियंता दल (ई.एम.ई.) या शाखेत ते क्राफ्ट्समन या हुद्द्यावर होते. हा हुद्दा पायदळातील शिपायाच्या समकक्ष असतो. रणगाडे, वाहने, तोफा व अन्य यंत्रसामग्री यांची देखभाल आणि दुरुस्ती करणे हे या दलाचे काम होय. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या या दलाचे एक प्रमुख प्रशिक्षण केंद्र सिकंदराबाद येथे आहे.

सेनेत आल्यावर पेटकर मुष्टियुद्धाकडे वळले. कुस्तीकडून मुष्टियुद्धाकडे वळणे त्या काळातील सैनिकी खेळाडूंच्या बाबतीत अस्वाभाविक नव्हते. दोन्ही खेळ वजनगटांनुसार खेळले जातात. दोन्हींत पायांची पकड, कंबरेचा जोर आणि प्रतिस्पर्ध्याची पुढची हालचाल ओळखण्याची दृष्टी लागते. फरक असा, की मातीत अंगाला अंग भिडवणाऱ्या मल्लाला येथे अंतर राखून लढायला शिकावे लागते.

त्या काळी भारतात मुष्टियुद्धाचा मुख्य आधार सैन्यदल हाच होता. नियमित सराव, प्रशिक्षक, पुरेसा आहार आणि पलटणी-पलटणींमधील चुरस या गोष्टी नागरी जीवनात क्वचितच एकत्र मिळत. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे पदम बहादूर मल्ल आणि १९६६ व १९७० अशा लागोपाठच्या दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकणारे हवा सिंग हे दोघेही सैनिकच होते. मात्र हे मुष्टियुद्ध हौशी स्वरूपाचे होते. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत लढत संपे आणि निकाल बहुधा पंचांच्या गुणांवर ठरे. धंदेवाईक मुष्टियोद्ध्याप्रमाणे लढतीगणिक मानधन नसे. खेळाडूची उपजीविका सैनिकी नोकरीवर चाले आणि खेळातील यश त्या नोकरीतील प्रतिष्ठेला पूरक ठरे. परिणामी सैनिक-मुष्टियोद्ध्याची कारकीर्द त्याच्या सैनिकी कर्तव्याशी बांधलेली असे. युद्ध सुरू झाले की हातमोजे उतरवून त्याला आघाडीवर जावे लागे.

१९६४ मध्ये टोकियो येथे झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामेळाव्यात पेटकर यांनी मुष्टियुद्धात भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या वेळी ते विशीच्या उंबरठ्यावर होते. मुष्टियोद्ध्याच्या दृष्टीने हे वय उमेदीच्या वर्षांची सुरुवात मानले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियो शहरातच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. ती आज दुसरी पॅरालिम्पिक म्हणून गणली जाते. त्या स्पर्धेत भारताचा संघ नव्हता.

१९६५ चे युद्ध आणि मुष्टियुद्ध कारकिर्दीचा शेवट

ऑगस्ट १९६५ मध्ये काश्मीरमध्ये पाकिस्तानी घुसखोरी सुरू झाली आणि तिचे पर्यवसान उघड युद्धात झाले. ६ सप्टेंबर रोजी भारतीय सेनेने पंजाबमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्यानंतर सियालकोट क्षेत्रात फिल्लोरा व चविंडा येथे रणगाड्यांच्या मोठ्या लढाया झाल्या. २३ सप्टेंबर रोजी युद्धविराम अमलात आला.

पेटकर या काळात काश्मीर आघाडीवर तैनात होते. सियालकोट क्षेत्रात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, छावणीतील सैनिक विश्रांतीच्या वेळी निर्धास्त असताना अचानक हवाई हल्ला झाला. इशाऱ्याची शिट्टी वाजली, पण ती चहापानाची आहे असा अनेकांचा समज झाला. या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. हा आकडा सामान्यतः नऊ असा सांगितला जातो. जखमी होऊन पडलेल्या अवस्थेत सैन्याचेच एक वाहन त्यांच्या अंगावरून गेले. पाठीच्या कण्यात शिरलेली एक गोळी काढणे शक्य झाले नाही. ते बराच काळ बेशुद्ध होते. शुद्धीवर आल्यानंतर कंबरेखालील भागात संवेदना व हालचाल उरलेली नाही, हे स्पष्ट झाले.

मुष्टियुद्धाच्या दृष्टीने ही इजा निर्णायक होती. ठोसा हाताने मारला जात असला, तरी त्याचा जोर पायांतून उगम पावतो. मागच्या पायाने जमिनीला दिलेला रेटा कंबरेच्या वळणातून खांद्यात आणि खांद्यातून मुठीत पोहोचतो. बचाव तर जवळजवळ संपूर्णपणे पायांच्या हालचालींवर अवलंबून असतो. हात शाबूत असूनही कंबरेखालचा आधार गेला, की या खेळातील सर्व कौशल्य निरुपयोगी होते. त्यामुळे पेटकर यांच्या बाबतीत पुनरागमनाचा प्रश्नच उरला नाही.

मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दीचा शेवट सहसा अशा रीतीने होत नाही. जगातील नामवंत धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांची अखेरची वर्षे पाहिल्यास वय, साचत गेलेली शारीरिक हानी आणि पैशाची निकड ही कारणे वारंवार आढळतात. प्रदीर्घ काळ हेवीवेट विश्वविजेते राहिलेले जो लुई करांच्या थकबाकीमुळे निवृत्तीनंतर पुन्हा रिंगणात उतरले. २६ ऑक्टोबर, १९५१ रोजी रॉकी मार्सियानो यांच्याविरुद्ध आठव्या फेरीत त्यांचा पराभव झाला. मुहम्मद अली यांनीही निवृत्ती मागे घेतली. २ ऑक्टोबर, १९८० रोजी लॅरी होम्स यांच्याविरुद्धची त्यांची लढत दहाव्या फेरीनंतर त्यांच्याच बाजूच्या प्रशिक्षकाने थांबवली. ११ डिसेंबर, १९८१ रोजी ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडून पराभूत झाल्यावर त्यांची कारकीर्द संपली. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. या दोघांच्या उत्तरकाळात थांबण्याचा क्षण ओळखणे हा कठीण प्रश्न होता. पेटकर यांच्यापुढे तो प्रश्न आलाच नाही. त्यांना थांबावे लागले तेव्हा त्यांची खरी उमेदीची वर्षे अजून यायची होती. एकविसाव्या वर्षाच्या आसपास, स्वतःच्या शरीराचे काय करावे, या प्रश्नापासून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

उपचार आणि जलतरण

पेटकर यांच्यावर मुंबईतील कुलाबा येथील नौदलाच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या रुग्णालयात उपचार झाले. पुनर्वसनाचा भाग म्हणून त्यांना पाण्यातील व्यायाम सुचवण्यात आला आणि त्यातून ते पोहण्याकडे वळले.

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीसाठी पाण्यातील व्यायामाचे विशेष महत्त्व असते. पाण्याच्या उद्धरण बलामुळे शरीराचा भार कमी होतो. जमिनीवर ज्या हालचालींसाठी चाकांची खुर्ची किंवा दुसऱ्याचा हात लागतो, त्या पाण्यात स्वतःच्या बळावर करता येतात. खांदे, छाती व दंड यांचे स्नायू बळकट होतात आणि श्वसनक्षमता वाढते. स्पर्धात्मक पोहणे मात्र वेगळे आणि कष्टाचे असते. पायांची लाथ मारता येत नसल्याने शरीराचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि पाण्याचा अवरोध वाढतो. वेग आणि तोल या दोन्हींची जबाबदारी हातांवर येते. मुष्टियोद्ध्याचे खांदे, दम राखण्याची सवय आणि थोड्या वेळात सारी ताकद लावण्याचा सराव या गोष्टी पन्नास मीटरच्या शर्यतीत उपयोगी पडणाऱ्या आहेत.

पोहण्याबरोबरच पेटकर यांनी गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, भारोत्तोलन, टेबल टेनिस आणि तिरंदाजी या खेळांचाही सराव केला. १९६७ मध्ये महाराष्ट्रातील दिव्यांगांच्या राज्यस्तरीय स्पर्धांत त्यांनी यांपैकी अनेक प्रकारांत अजिंक्यपद मिळवले.

दिव्यांग क्रीडा चळवळीची पार्श्वभूमी

पेटकर ज्या स्पर्धांत उतरले, त्यांचा उगमही युद्धातच आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला गंभीर इजा झालेले बहुसंख्य रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे अल्पावधीत दगावत. जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आश्रयास आलेले ज्यू चेतासंस्थातज्ज्ञ डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे १९४४ मध्ये एल्सबरीजवळील स्टोक मँडेविल रुग्णालयातील मज्जारज्जू विभाग सोपवण्यात आला. तेथे जखमी सैनिकांवर उपचार होत. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, संसर्गाला आळा घालणे आणि त्याला लवकरात लवकर कामाला व खेळाला लावणे, अशी त्यांची पद्धत होती. खेळाला त्यांनी करमणुकीऐवजी उपचाराचे स्थान दिले.

२९ जुलै, १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमन यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आल्याने तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. १९६० मध्ये ही स्पर्धा रोम येथे झाली आणि तीच पुढे पहिली पॅरालिम्पिक मानली गेली. त्यानंतर १९६४ मध्ये टोकियो, १९६८ मध्ये इस्रायलमधील तेल अवीव आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे स्पर्धा झाल्या. या काळात त्या प्रामुख्याने चाकांची खुर्ची वापरणाऱ्या, मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूंसाठी होत्या. अवयव गमावलेल्या आणि दृष्टिहीन खेळाडूंना १९७६ च्या टोरांटो स्पर्धेपासून पदकांच्या शर्यतींत स्थान मिळाले.

कण्याला इजा कोणत्या पातळीवर झाली आहे, त्यानुसार खेळाडूंचे प्रकार पाडले जात. इजा जितकी वरच्या मणक्यांत, तितके शरीराचे नियंत्रण कमी. सारख्या क्षमतेच्या खेळाडूंमध्येच शर्यत व्हावी, हा या वर्गीकरणामागील हेतू होता. पेटकर यांच्या शर्यतीच्या नावातील ‘प्रकार ३’ हा उल्लेख याच वर्गीकरणाचा आहे.

स्पर्धात्मक कारकीर्द

तेल अवीव, १९६८

१९६८ ची स्पर्धा मेक्सिको शहरात होणार होती. तेथील आयोजकांनी असमर्थता दर्शवल्यावर ती इस्रायलने स्वीकारली. भारताने या स्पर्धेत प्रथमच संघ पाठवला. पेटकर यांनी टेबल टेनिसमध्ये भाग घेऊन पहिली फेरी पार केली. त्या काळी दिव्यांग खेळाडूंच्या परदेशप्रवासासाठी निश्चित शासकीय तरतूद नव्हती. माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या सामाजिक संस्थेने पेटकर यांना प्रवासासाठी साहाय्य केले. या स्पर्धेनंतर पेटकर यांनी जलतरणावर अधिक लक्ष केंद्रित केले.

एडिनबरा, १९७०

१९७० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे तिसरी राष्ट्रकुल पॅराप्लेजिक क्रीडास्पर्धा झाली. या स्पर्धांची सुरुवात १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाली होती. एडिनबरा येथे पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळवली. स्टोक मँडेविल येथे दरवर्षी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही ते सहभागी होत राहिले.

हायडेलबर्ग, १९७२

१९७२ चे ऑलिम्पिक म्यूनिक येथे होते. दिव्यांगांची स्पर्धाही त्याच शहरात व्हावी, अशी मूळ कल्पना होती. परंतु ऑलिम्पिकनंतर तेथील क्रीडाग्रामाचे खाजगी सदनिकांत रूपांतर होणार असल्याने निवासाची सोय होऊ शकली नाही. त्यामुळे ही स्पर्धा हायडेलबर्ग या विद्यापीठनगरीत हलवण्यात आली आणि म्यूनिक ऑलिम्पिकच्या आधी, २ ते ११ ऑगस्ट या काळात पार पडली. चाळीसहून अधिक देशांतील सुमारे एक हजार खेळाडूंनी तीत भाग घेतला. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गुस्टाव हाइनेमान यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली (प्रकार ३) शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. याशिवाय भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम या तीन प्रकारांतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. अचूक भालाफेकीत अंतरापेक्षा लक्ष्यभेदाला महत्त्व असते, तर स्लॅलममध्ये अडथळ्यांच्या वळणावळणाच्या मार्गावरून चाकांची खुर्ची वेगाने न्यावी लागते. एकाच स्पर्धेत जलतरण, मैदानी खेळ आणि खुर्चीवरील कौशल्य अशा तीन वेगळ्या क्षेत्रांत अंतिम फेरीपर्यंत जाणे हे पेटकर यांच्या अष्टपैलुत्वाचे निदर्शक आहे.

हे भारताचे पॅरालिम्पिकमधील पहिले पदक होते आणि पहिलेच सुवर्णही. त्या स्पर्धेतील भारताचे ते एकमेव पदक ठरले. काही आठवड्यांनी म्यूनिक ऑलिम्पिकमध्ये भारताला केवळ हॉकीतील कांस्यपदक मिळाले. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये, म्हणजे पेटकर यांच्या यशानंतर ३६ वर्षांनी मिळवून दिले. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक या दोन स्वतंत्र स्पर्धा असल्याने ही दोन यशे आपापल्या क्षेत्रातील पहिली म्हणूनच नोंदवली जातात.

नोकरी आणि नंतरचे जीवन

सैनिकी सेवा संपुष्टात आल्यानंतर पेटकर यांनी पुण्यातील टाटा इंजिनीअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीत (टेल्को, आताची टाटा मोटर्स) नोकरी केली. जखमी सैनिकांसाठी टाटा उद्योगसमूहाने आर्थिक मदत देऊ केली, तेव्हा मदतीऐवजी काम द्यावे, अशी विनंती आपण केली, असे त्यांनी सांगितले आहे. निवृत्तीपर्यंत ते या कंपनीच्या सेवेत होते आणि पुढे पुण्यातच स्थायिक झाले. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये त्यांना शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार दिला.

राष्ट्रीय मान्यतेचा प्रश्न

राष्ट्रीय पातळीवरील सन्मानासाठी पेटकर यांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, पण तो मान्य झाला नाही. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या रचनेत त्या काळी दिव्यांगांच्या खेळांना आजच्यासारखे स्थान नव्हते. त्यानंतर त्यांचे नाव सार्वजनिक स्मरणातून जवळजवळ पुसले गेले.

या विस्मरणाचा विचार करताना काही बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, हायडेलबर्गच्या स्पर्धेला त्या वेळी ‘पॅरालिम्पिक’ हे अधिकृत नाव नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या नावाला १९८४ मध्ये मान्यता दिली आणि १९८८ च्या सोल स्पर्धेपासून ते रूढ झाले. आधीच्या स्पर्धांना हे नाव पूर्वलक्षी प्रभावाने मिळाले. दुसरे म्हणजे, १९७६ आणि १९८० या दोन्ही स्पर्धांत भारत सहभागी झाला नाही. त्यामुळे पेटकर यांच्या यशानंतर सातत्य राहिले नाही आणि तुलनेसाठी नवी नावेही पुढे आली नाहीत. १९८४ मध्ये जोगिंदर सिंग बेदी आणि भीमराव केसरकर यांनी पदके मिळवली, मात्र पुढील सुवर्णपदकासाठी २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत ते मिळवले. तिसरी बाब अशी, की दिव्यांगांच्या खेळाकडे पाहण्याचा सामाजिक दृष्टिकोन बराच काळ सहानुभूतीचा होता. उपचार म्हणून खेळ आणि स्पर्धा म्हणून खेळ यांतील भेद त्या दृष्टिकोनात हरवून जाई. ३७.३३ सेकंद हा आकडा मात्र तुलनेचा आणि मोजमापाचा आहे. त्याची दखल घेण्यास सहानुभूतीची गरज नव्हती.

२०१६ च्या रिओ आणि त्यानंतरच्या पॅरालिम्पिक स्पर्धांत भारतीय खेळाडूंची कामगिरी उंचावली, तसे पूर्वसूरींकडे लक्ष वळले. २०१८ मध्ये पेटकर यांना पद्मश्री जाहीर झाली आणि राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ती प्रदान करण्यात आली. हायडेलबर्गच्या विजयाला तेव्हा ४६ वर्षे होत आली होती. १७ जानेवारी, २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना २०२४ या वर्षासाठीचा अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) देण्यात आला. १९८२ च्या अर्जानंतर ४२ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि पेटकर यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती.

चित्रपट

पेटकर यांच्या जीवनावर आधारित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट १४ जून, २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कबीर खान यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून कार्तिक आर्यन यांनी पेटकर यांची भूमिका साकारली आहे. प्रशिक्षकाच्या भूमिकेत विजय राज आहेत. कुस्ती, मुष्टियुद्ध, युद्धातील जखम, रुग्णालयातील वर्षे आणि जलतरण असा पेटकर यांचा प्रवास चित्रपटात दाखवला आहे. चित्रपटात नाट्यमयतेसाठी काही प्रसंग व पात्रे कल्पित असल्याने त्यातील प्रत्येक तपशील चरित्राचा पुरावा म्हणून घेता येत नाही. असे असले, तरी पेटकर यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे.

महत्त्व

भारताच्या दिव्यांग क्रीडा इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून पेटकर यांच्या सुवर्णपदकाकडे पाहिले जाते. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत भारताला पॅरालिम्पिक जलतरणात मिळालेले ते एकमेव पदक आहे. महाराष्ट्रातील सुयश जाधव यांच्यासारख्या दिव्यांग जलतरणपटूंनी त्यानंतर पॅरालिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. पेटकर यांच्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी पॅरिस येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले.

क्रीडाजीवनाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने पेटकर यांच्या चरित्रातील मुष्टियुद्धाचा अल्पकाळ दुर्लक्षणीय नाही. ज्या सैनिकी व्यवस्थेने त्यांना मुष्टियोद्धा केले, त्याच व्यवस्थेतील कर्तव्य बजावताना ते जायबंदी झाले आणि तिच्याच रुग्णालयात त्यांना पाण्याची वाट सापडली. त्यामुळे त्यांची दुसरी कारकीर्द पहिलीपासून तोडून पाहता येत नाही. खेळाडूची एक कारकीर्द संपली म्हणजे त्याचे खेळाडूपण संपत नाही, याचे भारतीय क्रीडेतिहासातील हे एक ठळक उदाहरण होय.

कालपट

१९४४ – पेठ इस्लामपूर येथे जन्म
१९६४ – टोकियो येथील सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामेळाव्यात मुष्टियुद्धात सहभाग
१९६५ – भारत-पाकिस्तान युद्धात जायबंदी. मुष्टियुद्ध कारकिर्दीचा शेवट
१९६७ – महाराष्ट्रातील दिव्यांगांच्या राज्यस्तरीय स्पर्धांत अनेक प्रकारांत अजिंक्यपद
१९६८ – तेल अवीव येथील स्पर्धेत टेबल टेनिसमध्ये सहभाग
१९७० – एडिनबरा येथे सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके
१९७२ – हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात विश्वविक्रमासह सुवर्णपदक
१९७५ – शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार
१९८२ – अर्जुन पुरस्कारासाठीचा अर्ज अमान्य
२०१८ – पद्मश्री
२०२४ – ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट प्रदर्शित
२०२५ – २०२४ या वर्षासाठीचा अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) प्रदान